छिंदवाड्याला जाणारं रिव्हॉल्वर

रिव्हॉल्वर सापडलं, कोणी मेलं नाही, आणि ज्याच्यावर सगळ्या गावाचा संशय होता तो माणूस निर्दोष निघाला.

हे वाक्य चुकून आधी पडलं. ते आपण वाचलंच नाही असं समजू. कारण त्या दिवशी सकाळी वर्ध्याच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत नत्थूजी भोयर धापा टाकत शिरले, तेव्हा त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की आपल्या घरातलं रिव्हॉल्वर आता घरात नाही.

"भरलेलं होतं?" पौर्णिमा थूलनं विचारलं.

"भरलेलं."

खोलीतल्या तिसऱ्या माणसानं आपली खुर्ची हळूच भिंतीपर्यंत मागे नेली. हे कवडूमामा, पौर्णिमाचे सख्खे मामा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भाचीनं खासगी तपासाचा धंदा काढला तेव्हा बाईमाणसाला सोबत हवी म्हणून ते आले होते. प्रत्यक्षात सोबत त्यांनाच लागायची.

पौर्णिमाकडे येणारी बहुतेक प्रकरणं लग्नाची. मुलगा खरंच इंजिनीअर आहे का, आणि असला तर अजून बिनलग्नाचा का आहे. बंदुकीचं प्रकरण पहिलंच.

"रिव्हॉल्वर तुमच्याकडे कसं?"

"कापसाची अडत होती माझी. रोकड घेऊन फिरावं लागे, म्हणून परवाना काढला. जल्मात एकदाच उडवलं, दसऱ्याले, हवेत. गोळी वर गेली, मी खाली पडलो. आता डोळ्यात मोतीबिंदू. म्हटलं इकून टाकू. गिऱ्हाईक छिंदवाड्याचं भेटलं, बघेल नावाचा ठेकेदार."

"म्हणजे परराज्यातलं. विक्री कायदेशीर?"

नत्थूजी दुखावले. "सोळा आणे! त्याच्याजवळ त्याच्या जिल्ह्याचा परवाना. मी ठाण्याले अन् कलेक्टर कचेरीले आधी लेखी कळवलं, मुदत सरेपर्यंत थांबलो, दोन्हीकडचं ना-हरकत आलं. वर्ध्यातल्या परवानेवाल्या दुकानात, त्याच्या रजिस्टरवर चढवून, शुक्रवारी त्याच्या हाती द्यायचं. माझ्या लग्नाले एवढे कागद नाई लागले ताई."

"आणि ठेवलं कुठं होतं?"

"लोखंडी पेटीत. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. परवा पोळ्याच्या पाडव्याले, संध्याकाळी पेटी उघडली, तर कागद सगळे जाग्यावर. वस्तू नाई, लुगडं बी नाई."

"ठाण्यात कळवलं?"

नत्थूजींनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत राहिलं.

"ठाण्यात गेलो का ते रजतले उचलतील," ते म्हणाले. "माझा पोरगा. पाडव्याच्या दिवशी कोणीतरी प्रेमदासच्या पंक्चरच्या दुकानावर गोळी झाडली. अन् त्याच्या आठ दिस आधी रजतनं दारूच्या भरात प्रेमदासले चारचौघात म्हटलं होतं, 'तुले उडवतो.' मी प्रेमदासचे पाय धरले, ठाण्यात जायाले दोन दिस थांब म्हटलं. तो थांबला, भिऊन." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "सुनेसाठी मी दोन राती पोराच्या दाराले खाट लावून पडून राह्यलो. पोटच्या पोराले राखत. मले एवढंच सांगा ताई, तो तसा आहे का?"

पौर्णिमा उठली. "संध्याकाळपर्यंत शोधते. नाही मिळालं तर तुम्हाला घेऊन मीच ठाण्यात जाते. परवान्याचं हत्यार हरवलं की लपवायचं नसतं काका. तुम्ही दोन दिवस आधीच उशीर केलाय."

"मी इथं फोन सांभाळतो," मामा म्हणाले.

"फोन माझ्या पर्समध्ये आहे मामाजी. चला."

---

सेलूहून केलेला ऑटो चिचखेडीच्या शिवेवरच थांबला. "पुढं मी नाई येत," ऑटोवाला म्हणाला. "तिथं फायरिंग चालू आहे म्हणते."

फायरिंग चालू नव्हतं. काहीच चालू नव्हतं. भरदुपारी गावातली दारं आतून लावलेली. आठवडाभर पाऊस नव्हता, कपाशीवर फवारणी करायची होती, आणि शेतात माणूस नव्हता. चार जण पाण्याच्या टाकीकडे निघाले होते. ते एकमेकांना आदरानं पुढे जायला सांगत होते, आणि त्यामुळे कोणीच पोचत नव्हतं.

शिवेलगतच प्रेमदास मूनचं टिनाचं दुकान होतं. प्रेमदास डोक्यावर लोखंडी घमेलं उपडं घालून पंक्चर काढत होता.

"हे काऊन?" मामांनी विचारलं.

"डोकं एकच आहे."

मामांनी दुकानात दुसरं घमेलं आहे का ते पाहिलं. नव्हतं.

"पाडव्याले मी इथंच होतो," प्रेमदास सांगू लागला. बोलताना त्याची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. "मी काई मारबतीत जात नाई. गाव समोर तिले जाळत होतं. डफडं, फटाके, बोंबाबोंब. सोल्युशनची ट्यूब खाली पडली म्हणून बाजूले वाकलो, अन् टण्ण! मले वाटलं पोट्ट्यांनी टिनाले गोटा मारला. संध्याकाळी टायर काढाले गेलो, तं टायरात हे."

त्यानं तळहात उघडला. शिशाची चेपलेली गोळी होती.

पौर्णिमानं टिनाचं भोक पाहिलं. ते गुडघ्याच्याही खाली होतं. टायर मात्र समोरच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर टांगलेला.

"गोळी खालून वर आली," ती म्हणाली.

"म्हणजे बुटका माणूस," मामांनी निष्कर्ष काढला.

"एवढा बुटका माणूस गावात असता तर त्याची जत्रा भरली असती. भोकातून पाहा, काय दिसते?"

मामा पोटावर पालथे पडले. उठण्यापेक्षा ते त्यांना सुरक्षित वाटलं. "रस्ता. त्याच्यापलीकडं मारबतीची राख. बाभूळ. माणूस एक बी नाई."

पौर्णिमानंही एक डोळा लावून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या भागात मारबत काढतात. बांबूचा सांगाडा, गवताचं पोट, वरून जुनं लुगडं. गावातली रोगराई, ईडापीडा सगळी तिच्या अंगावर घालायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेबाहेर न्यायची, जाळायची, आणि मागे न बघता परत यायचं. मग पावसानं धुऊन जाईपर्यंत त्या राखेच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नाही. आताही गावात जाणारी एक म्हातारी राख टाळायला पार नालीत उतरून चालली होती.

---

भोयरांच्या अंगणात रजत एकटाच बाजेवर बसला होता, आणि वर्ध्याहून आधीच परतलेले नत्थूजी पार तुळशीपाशी. त्याच्याभोवतीची जागा रिकामी होती. कोंबड्यासुद्धा लांबून वळत होत्या, पण ते बहुधा मामांना तसं वाटलं.

"मीच केलं असं लिहून टाका," रजत म्हणाला. "गाव लिहून बसलंच आहे."

"पाडव्याला कुठं होता?"

"आगीच्या एकदम पुढं. डफडं वाजवत होतो. सगळ्या गावानं पाह्यलं. म्हणून आता म्हणते, यानं दुसऱ्याच्या हातून मारली. फटाके तं असे फुटत होते का मले माझंच डफडं ऐकू नाई ये."

"विक्रीला तुमचा विरोध होता?"

"होता. घरची वस्तू परक्याले कायले द्यायची? प्यालो का जास्तच बोलतो." त्यानं हात पुढे केले. ते थरथरत होते. "त्या दिवसापासून थेंब नाई घेतला, म्हणून हे असे हालते. अन् लोक म्हणते पाहा, खुन्याचे हात. जया ताट जमिनीवरून सरकवते. हातात नाई देत."

जया, त्याची बायको, स्वयंपाकघरात होती. दाराला आतून कडी. तीन वेळा नाव सांगितल्यावर उघडली.

"पेटीची किल्ली कुठं असते?"

"देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागं. घरच्या सगळ्याइले माईत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याइले बी." ती बोलताना दाराबाहेर पाहत होती. "पोळ्याच्या चार दिस आधी हे पिऊन आले. 'पेटी कुठं हाये मले माईत हाये,' म्हणे. 'एकाएकाले दाखवतो.' मी अन् सासूबाई रातभर या इथं बसून राह्यलो, पाठीले पाठ लावून."

"पाडव्याला पेटीच्या खोलीत कोण गेलं?"

"कोणाले पुसता? घर रिकामं होतं. मी अंगणात सडा टाकत होती. सासूबाई मारबतीले लुगडं नेसवाले गेलती. दरसाली आमच्याच घरचं लुगडं असते. यंदा मले हात बी नाई लावू देल्ला."

"आणि फटाके कोणी आणले होते?"

"फटाके?" जयाला हा प्रश्न या प्रसंगी अप्रस्तुत वाटला. "यंदा मनाच केले. मागल्या साली ठिणगी उडून जनावराच्या कुटाराचा ढीग पेटला होता. पोट्ट्याइनं चोरून आणले असतील."

पौर्णिमानं बघेलला फोन लावला आणि आवाज मोठा केला. ठेकेदार ओरडूनच बोलत होता.

"मॅडम, मेरी दो बेटियाँ हैं, उनकी कसम, मैं छिंदवाड़ा से हिला तक नहीं! एक बार देखने आया था, पोले के पहले. माताजी ने चाय पिलाई. पूछा, बच्चे कितने? मैंने कहा दो बेटियाँ. बस, चुप हो गईं. चाय में शक्कर डालना भूल गईं. मैं फीकी पी गया. मॅडम, शुक्रवार को माल मिलेगा ना?"

त्याच क्षणी बाहेर धाडकन आवाज झाला.

अंगणातले सगळे जमिनीवर. नत्थूजी तुळशीमागे, रजत बाजेखाली, आणि त्याच बाजेखाली त्याच्या आधी मामा. जयानं कडी लावल्याचा आवाज आला. बाहेर गावभर दारं आपटली. कुठंतरी एक बाई रडू लागली.

ओसरीवर रुख्माबाई, नत्थूजींची बायको, सुपात तूरडाळ पाखडत बसल्या होत्या. सुपाची लय चुकली नाही.

"ट्रॅक्टर आहे," त्या म्हणाल्या. "सायलेन्सर फाटला आहे त्याचा."

पौर्णिमा कपडे झटकत त्यांच्याजवळ बसली. "काकू, तुम्ही घाबरला नाहीत."

"कायले घाबरू? सकाळी वावरात जाऊन आली. एकटी."

"गावात कोणाच्या तरी हातात भरलेलं रिव्हॉल्वर आहे."

"कोणाच्या हाती नाई काई."

"प्रेमदासच्या टिनाला भोक पडलंय."

"उंदरानं कुरतडलं असन."

"टिन?" बाजेखालून मामा म्हणाले.

"आमच्या गावचे उंदीर तुम्ही पाह्यले नाई."

---

उन्हं कलायच्या आत पौर्णिमानं सगळ्यांना अंगणात बसवलं. प्रेमदास घमेल्यासकट आला आणि रजतपासून सगळ्यात लांब, पण दाराजवळ बसला. नत्थूजींचे ओठ हलत होते. ते देवाचं नाव घेत होते की पोराचं, ते कळत नव्हतं.

"गोळी खालून वर आली," पौर्णिमानं सुरुवात केली. "झाडणारा जमिनीवर आडवा असला पाहिजे. भोकातून उलट पाहिलं तर समोर एकच जागा येते. मामाजी, तुम्हाला काय दिसलं होतं?"

"काईच नाई. राख."

"राखच. आता वेळ. प्रेमदासभाऊ म्हणतात, टण्ण झालं तेव्हा समोर मारबत जळत होती, फटाके फुटत होते. रजतही म्हणतात, फटाक्यांत डफडं ऐकू येईना. आणि जयावहिनी सांगतात, यंदा फटाके आणायला मनाई होती."

"पोट्ट्यांनी—" नत्थूजी म्हणाले.

"आगीभोवती अख्खं गाव उभं होतं काका. चोरून फटाके टाकणाऱ्या पोराच्या पाठीत कोणीतरी धपाटा घातला असताच. तसं कोणी सांगत नाही. ते फटाके नव्हतेच. भरलेलं हत्यार आगीत पडलं की काडतुसं तापून आपोआप फुटतात. घोडा ओढायला बोट लागत नाही. बाकीच्या गोळ्या गवतात, मातीत गेल्या. एक नळीतून सरळ बाहेर पडली."



"म्हणजे गोळी झाडली कोणी?" मामांनी विचारलं. त्यांना अजून नाव हवं होतं.

"मारबतीनं."

प्रेमदासनं घमेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"रिव्हॉल्वर मारबतीच्या पोटात होतं. ते ज्या लुगड्यात गुंडाळलं होतं, तेही पेटीत नाही. आणि मारबतीला यंदा एकाच माणसानं लुगडं नेसवलं, दुसऱ्याला हात लावू न देता. मघाशी ट्रॅक्टर वाजला, सगळं गाव आडवं झालं. एकच माणूस बसून राहिलं, कारण त्या माणसाच्या लेखी ते रिव्हॉल्वर या जगात उरलंच नव्हतं. 'कोणाच्या हाती नाई,' असं त्या मला म्हणाल्यासुद्धा. खरंच बोलत होत्या."

सुपाची लय थांबली.

"मले वाटलं जळून जाईन," रुख्माबाई म्हणाल्या. "लोखंड वितळते म्हणते ना."

"रुख्मे!" नत्थूजी उभे राहिले. "अवो, सगळे कागद झाले होते! कायद्यानं जात होतं ते!"

"कुठं जात होतं? त्या माणसाच्या घरी ना? त्याले दोन पोरी आहेत. आपल्या घरची पीडा पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरात घालायची? शिक्के मारले म्हणून ते पीडा नाई राहत का? पीडा इकत नसते. मारबतीच्या अंगावर घालून शिवेबाहेर टाकायची असते. माझ्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं बी."

"मग नाई इकलं असतं, पेटीत तरी राहू द्यायचं!"

रुख्माबाईंनी सुपातली डाळ सारखी केली. रजतकडे पाहिलं नाही. पण ते न पाहणं सगळ्यांना दिसलं.

रजत उठला. "माय, तू मले भ्यायली?"

"हो," रुख्माबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं असावं की पुढे काहीतरी येईल. आलं नाही. तो परत बसला आणि आपले थरथरते हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले. जया स्वयंपाकघराच्या दारात होती. ती तिथून हलली नाही. पण यावेळी कडीही लावली नाही.

"सुटलास रे," नत्थूजी पुटपुटले आणि रडू लागले.

"प्रेमदास," रुख्माबाईंचा आवाज बदलला होता, "ते ट्यूब पडली नसती तं तू कुठं बसला असता?"

"भोकासमोर. बसाच्या मोढ्यावर."

रुख्माबाईंच्या हातून सूप सुटलं. डाळ ओसरीभर पसरली. तीन दिवस सगळं गाव भ्यालं होतं आणि त्या नव्हत्या. आता गावाची भीती उतरत होती आणि ती सगळी, जणू घरोघरून गोळा करून, कोणीतरी त्यांच्या अंगावर घालत होतं. "मी मारलं असतं तुले," त्या म्हणत राहिल्या. "मी मारलं असतं."

---

राखेजवळ जायला गावातून कोणी तयार नव्हतं.

"आपण बौद्ध माणसं," मामा ताठ होत म्हणाले. "आपल्याले मारबतीची भीती नाई. तू हो पुढं, मी इथून पाहतो."

पौर्णिमानं आडवं होऊन, लांब बांबूनं राख बाजूला केली. काळं पडलेलं रिव्हॉल्वर निघालं. मुठीचं लाकूड जळून गेलेलं, आणि एका घरात काडतूस अजून तसंच. नळी गावाकडे होती. तीन दिवस ज्याला बाहेर पडावंच लागलं, तो याच नळीसमोरून, नालीत उतरून ये-जा करत होता. पौर्णिमानं बांबू खाली ठेवला, सगळ्यांना मागे हटवलं आणि ठाण्यात फोन केला.

साहेब आले, वाळूच्या पोत्यांत हत्यार नीट उचललं गेलं, पंचनामा सुरू झाला. रजतचं नाव कुठं आलं नाही. मात्र एका जागी साहेबांचा पेन अडला.

"पेटीतून राखेपर्यंत ताबा कोणाकडे होता? परवाना नसलेल्याच्या हाती हत्यार देणं गुन्हा आहे. बाईंनी ते कोणाला दिलं?"

"मारबतीले," रुख्माबाई म्हणाल्या.

"तिच्याकडे परवाना होता?" साहेबांनी सवयीनं विचारलं, आणि मग बराच वेळ आभाळाकडे पाहिलं.

"मले नेतील का हो?" रुख्माबाईंनी पौर्णिमाचा हात धरला. पौर्णिमा खोटं बोलत नसे. वकील पाहू, वय पाहतील, इजा कोणाला झाली नाही, एवढंच तिनं सांगितलं. हात सुटला नाही.

तेव्हा कवडूमामा त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतःहून पुढे आले. त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि सुवाच्य अक्षरात एक अर्ज लिहिला. नत्थूजींनी सही केली, रुख्माबाईंनी अंगठा दिला, आणि साक्षीदार म्हणून प्रेमदासनं घमेलं काढून सही केली.

*प्रति, मा. शस्त्र परवाना अधिकारी.*

*विषय : कै. मारबत, रा. चिचखेडी, हिला पूर्वलक्षी प्रभावाने शस्त्र परवाना मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त मारबत हिच्या ताब्यात पाडव्याच्या दिवशी अर्जदाराचे रिव्हॉल्वर आले. ते तिने मागितले नव्हते. तिच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. तिची कोणाशीही दुश्मनी नव्हती, उलट गावाने आपली सर्व दुखणी तिच्याच अंगावर घातली होती. तिने झाडलेली गोळी हेतुपुरस्सर नव्हती. अर्जदाराची पत्नी वृद्ध असून भीतीने तिला झोप नाही. तरी सदर मारबतीस पाडव्याच्या सकाळपासून, ती पूर्ण जळेपर्यंतच्या मुदतीचा परवाना मंजूर करण्यात यावा, जेणेकरून पत्नीने हत्यार परवानाधारकाच्याच हाती दिले असे धरता येईल. परवानाधारक हयात नसल्याने नूतनीकरणाचा प्रश्न उद्भवणार नाही. चारित्र्य पडताळणीसाठी गाव केव्हाही हजर आहे.*

*ही नम्र विनंती.*